खाली पट्टी आहे की!

टीव्हीवर निवेदकाच्या बाजूला, कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात कुणी हातांनी बोलताना दिसलं की हल्ली एक वाद हमखास सुरू होतो. एक बाजू म्हणते, "हा चौकोन कशाला? खाली पट्टी आहे की! सबटायटल द्या. बहिऱ्यांना वाचता येतं ना?" दुसरी बाजू उसळून म्हणते, "माणुसकी आहे की नाही? त्या बिचाऱ्यांचा जरा विचार करा." मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात. पहिलीच्या लेखी हा सोयीचा प्रश्न आहे आणि ती सोय तिच्या हिशेबात आधीच झालेली आहे. दुसरीच्या लेखी तो दयेचा आहे, आणि दयेला मर्यादा असते; दिवसातून अर्धा तास दाखवली की ती संपते. माझं म्हणणं असं की हा सरळसरळ भाषेचा प्रश्न आहे. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. ज्यांची ती पहिली भाषा आहे, किंवा व्हायला हवी होती, त्यांना पुराची, निवडणुकीची, सरकारी निर्णयाची बातमी त्या भाषेत मिळणं हा त्यांचा हक्क आहे. दिवसाला एक बातमीपत्र दाखवून तो पुरा होत नाही.

पट्टीबद्दल बोलायचं तर मला २०१९ चा ऑगस्ट आठवतो. माझी धाकटी मावशी सांगलीला राहते. जन्मापासून बहिरी. बधिरांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. त्या आठवड्यात मी तिच्याकडेच होतो. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून चढतच होतं; पुढे ते ५७ फुटांच्याही वर गेलं. टीव्ही सकाळपासून चालू. निवेदक ओरडून सांगत होता आणि खाली लाल पट्टी पळत होती : कोयनेतून विसर्ग वाढवला, नदीकाठच्या रहिवाशांनी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे. मावशी पट्टी वाचत होती. तिनं माझा दंड हलवला, तळहातावर बोटानं एकाखाली एक दोन टिंबं काढली आणि भुवया उंचावल्या. मला आधी कळेना. मग लख्ख उजेड पडला. तिला शाळेत शिकवलेला विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबं. 'दुःख'मधली. कोयनेतून दोन टिंबं वाढवली म्हणजे नेमकं काय केलं, हे ती मला विचारत होती. पाणी दारात यायला एक रात्र उरली होती.

मावशी हुशार आहे. शिवणकामात, हिशेबात, माणसं ओळखण्यात आमच्या घरात तिचा हात धरणारं कुणी नाही. मग तिला ती पट्टी का कळली नाही? इथेच सबटायटलवाल्यांचा सगळा युक्तिवाद अडखळतो. ऐकू येणारं मूल शाळेत पाऊल टाकतं तेव्हा त्याच्या कानात हजारो शब्द आधीच मुरलेले असतात. 'विसर्ग' त्याला माहीत नसेल, पण आजूबाजूच्या बोलण्यातून, 'पाणी सोडलंय म्हणे' अशा वाक्यांतून तो अर्थ कधीतरी कानावर पडून जातो. वाचणं म्हणजे त्याच्यासाठी ओळखीच्या आवाजाला ओळखीचं अक्षर जोडणं. जन्मतः बहिऱ्या मुलाकडे तो आवाजच नसतो. बहुतेक बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात आणि त्या आईबापांना सांकेतिक भाषा येत नसते, म्हणजे घरातूनही भाषा मिळत नाही. अशा मुलासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते, आणि तीही कधी न ऐकलेली. 'ने', 'ला', 'च', 'तर', 'म्हणे' ही आपल्याला न कळत कळणारी बारीक अक्षरं त्याला एकेक करून घोकावी लागतात.

सांकेतिक भाषेची रचनाही वेगळी. तिच्यात काळ सहसा आधी येतो, प्रश्नवाचक खूण शेवटी येते, नकार शेवटी येतो. आपण म्हणतो, "तू कुठे राहतेस?" मावशीच्या हातांवर 'कुठे' सगळ्यात शेवटी येतं. नकाराच्या बाबतीत मात्र ती आपल्या जवळची. आपणही 'जाणार नाही' असंच म्हणतो. आणि या भाषेचं निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं. त्याच खुणा, पण भुवया वर गेल्या की विधानाचा प्रश्न होतो. पट्टीवर हे कुठून येणार?

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्यावरून केवढं रान उठलं होतं, ते आठवा. एप्रिलमध्ये निघालेला शासननिर्णय जूनअखेरीस मागे घ्यावा लागला. तेव्हा आपण काय म्हणत होतो? मूल आधी आपल्या भाषेत घट्ट होऊ द्या, दुसरी भाषा लादू नका, मुलाचं जग त्याच्या भाषेतूनच उघडतं. मी त्या बाजूचा होतो आणि आजही आहे. मग तोच न्याय मावशीला का नाही? तिला आपण सत्तर वर्षं सांगत आलोय की तुझी भाषा ठेव बाजूला, आमची वाच. हे आपल्याला लादणं का वाटत नाही? कारण तिच्या भाषेला आपण मनातून भाषा मानलेलंच नाही. हातवारे मानलंय.

भाषेला भाषा न मानण्याचा हा उद्योग आपण मराठी माणसांनी याआधीही केलेला आहे. कोंकणी ही मराठीची बोली आहे, असं आपले भलेभले विद्वान वर्षानुवर्षं ठासून सांगत होते. १९७५ मध्ये साहित्य अकादमीनं तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. मराठीचं यात काय बिघडलं? काहीही नाही. सांकेतिक भाषेच्या वाट्याला याहून कठोर इतिहास आला. १८८० मध्ये इटलीत मिलान इथे बधिरांच्या शिक्षणावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जमलेले जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की बहिऱ्या मुलांना बोलायलाच शिकवावं, खुणांची भाषा शाळेतून हद्दपार करावी. त्याच दशकात मुंबईत भारतातली बधिरांची पहिली शाळा निघाली आणि पुढच्या अनेक पिढ्या त्या ठरावाच्या सावलीत शिकल्या. मावशीच्या शाळेत मुलींना हात मांडीखाली दाबून बसायला लावत. हात बाहेर निघाला की पट्टी बसायची. मधल्या सुट्टीत मात्र सगळं मैदान हातांनी बोलायचं. १९६० मध्ये विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकानं खुणांच्या भाषेलाही शब्दरचना आणि व्याकरण असतं हे शास्त्रशुद्ध मांडून दाखवलं. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच परिषदेच्या वारसदारांनी खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. एकशेतीस वर्षांनी.

(जाता जाता एक. 'मूकबधिर' हा शब्द आपण अजून सर्रास वापरतो. मावशी मुकी नाही. ती दिवसभर बोलत असते, आपल्याला ऐकता येत नाही.)

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, कारण त्यातले काही खरंच वजनदार आहेत. सगळ्यात मोठा हा : ऐकू न येणाऱ्या प्रत्येकाला सांकेतिक भाषा येते असं कुठे आहे? नाहीच येत. साठीनंतर ज्यांचे कान गेले त्यांचं सगळं आयुष्य मराठीत गेलेलं असतं. त्यांना चौकोनाचा काडीचा उपयोग नाही, सबटायटलचा आहे. त्यांची संख्याही मोठी आहे. सबटायटल स्वस्त पडतात, आणि ऐकू येणाऱ्यांनाही उपयोगी पडतात. वाचायला शिकणाऱ्या मुलांना तर फारच. हे सगळं मला मान्य आहे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? सबटायटलही द्या, एवढाच. 'म्हणून दुभाषक नको' हा नाही. आजोबांना चष्मा लागतो म्हणून नातवाची पांगुळगाडी काढून घ्यायची का? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये तर दोन्हींची नावं शेजारी शेजारी लिहिलेली आहेत : सांकेतिक भाषेतला अनुवाद आणि पडद्यावरचं लेखन. कायद्यानं निवड करायला सांगितलेलीच नाही. ती आपण केली.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याची दिव्यांगता असलेले देशात सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले, महाराष्ट्रात पावणेपाच लाखांच्या आसपास. बधिरांच्या संघटना याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. जनगणनेचाच धरू. गोव्याच्या तेव्हाच्या लोकसंख्येच्या तिपटीहून देशाचा हा आकडा जास्त आहे. तरी वाहिनीवाले म्हणतात, एवढ्या थोड्या प्रेक्षकांसाठी? आकाशवाणीवर १९७४ पासून रोज संस्कृतमध्ये बातम्या लागतात. २०११ च्या जनगणनेत संस्कृत ही मातृभाषा म्हणून सांगणारे २५ हजारही नव्हते. त्या बातम्या बंद करा असं कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये, कारण एखादी भाषा सार्वजनिक जागेत ऐकू येण्याला डोकी मोजण्यापलीकडे मोल असतं. मग ज्या भाषेवाचून काही लाख माणसांना बातमीच पोचत नाही, तिच्या बाबतीत डोकी मोजायची कशाला?

तिसरा आक्षेप, पडद्यावर जागा नाही आणि लक्ष विचलित होतं. रात्री नऊची कुठलीही चर्चा लावून बघा. आठ पाहुणे आठ चौकोनांत, वर 'ब्रेकिंग'चं पान, खाली दोन पट्ट्या, उजवीकडून आत घुसलेली जाहिरात. एवढ्या गर्दीत लक्ष विचलित होत नाही, आणि शांतपणे हात हलवणाऱ्या एका माणसानं होतं? ब्रिटनमध्ये दुभाषकाचं चित्र पडद्याच्या एक षष्ठांशाहून लहान नसावं असं प्रसारण नियामक सांगतो, कारण त्याहून लहान झालं की बोटं आणि भुवया दिसत नाहीत. आपल्याकडे तो चौकोन काडेपेटीएवढा असतो, आणि बरेचदा त्यातल्या हातांवरूनच पट्टी पळते. मावशीनं एकदा टीव्हीजवळ जाऊन ती पट्टी पुसल्यासारखं केलं होतं. ब्रिटनचं सगळं आदर्श आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तिथेही सांकेतिक भाषेतले पुष्कळ कार्यक्रम उत्तररात्री लावले जातात, आणि ब्रिटिश सांकेतिक भाषेला कायद्यानं मान्यता मिळायला २०२२ उजाडलं. रोजच्या मालिकांत ज्यांना चौकोन नको असेल त्यांच्यासाठी तो चालू-बंद करण्याची सोय आजच्या तंत्रानं देता येते. मोबाइलवर आणि इंटरनेटवरच्या प्रसारणात तर सहज. पण संकटाची सूचना आणि मुख्यमंत्र्यांचं, जिल्हाधिकाऱ्यांचं निवेदन यांत तो सगळ्यांच्या पडद्यावर असलाच पाहिजे. पुराच्या रात्री रिमोटवर बटण शोधायला कुणी लावू नये.

चौथा मुद्दा मला सगळ्यात अडचणीचा वाटतो : दुभाषक आणायचे कुठून? प्रशिक्षित दुभाषक गरजेच्या मानानं फारच थोडे आहेत हे खरं आहे, आणि कच्चा दुभाषक नसलेल्या दुभाषकाहून वाईट. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला नेल्सन मंडेलांच्या शोकसभेत, सगळ्या जगाचे नेते व्यासपीठावर असताना, दुभाषक म्हणून उभा असलेला माणूस अर्थहीन हातवारे करत राहिला. २०१७ मध्ये फ्लोरिडात 'इर्मा' चक्रीवादळाच्या वेळी एका काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, पत्रकार परिषदेत सांकेतिक भाषा अर्धवट येणारा एक माणूस उभा केला आणि घरं सोडण्याची सूचना ऐन वेळी खुणांच्या बुजबुजाटात हरवली. ही उदाहरणं लोक चौकोनाच्या विरोधात देतात. मला त्यातून उलटंच दिसतं. दोन्ही ठिकाणी पहिल्या मिनिटाला चूक कुणाला कळली? घरी बसलेल्या बहिऱ्या प्रेक्षकांना. त्यांच्यातला एक जरी निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत असता तर तो माणूस माइकशेजारी उभाच राहिला नसता. टंचाईचं म्हणाल तर ती आकाशातून पडलेली नाही. जिथे दिवसाला एकाच बातमीपत्राचं काम आहे तिथे कोण तरुण हा पेशा धरेल? दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये निघालं. त्याच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती २०१८ ची, तीन हजार शब्दांची. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजार झाले. काम मागितलं की माणसं तयार होतात, हे यातूनच दिसतं. शिवाय दुभाषकच कशाला हवा? मुंबईतून आयएसएच न्यूज नावाचा उपक्रम बहिऱ्या निवेदकांकडूनच सांकेतिक भाषेत बातम्या देतो. ज्याची ती पहिली भाषा, त्याच्या हातून ती जशी येते तशी शिकलेल्याच्या हातून येत नाही.

मुंबईच्या खुणा वेगळ्या, दिल्लीच्या वेगळ्या, मग कुठली दाखवायची, असाही प्रश्न येतो. फरक आहेत, पण गाभा एक आहे. चंदगडची मराठी आणि नागपूरची मराठी एक आहे का? तरीही बातम्यांची मराठी दोघांनाही कळते. रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून ती घडत गेली. सांकेतिक भाषेला तशी घडायची जागाच आपण दिली नाही, आणि आता ती घडलेली नाही म्हणून जागा नाकारतो.

अलीकडे एक नवं उत्तर येतं : कृत्रिम बुद्धिमत्ता आहे ना, संगणकातला पुतळा खुणा करेल. आपोआप लिहिल्या जाणाऱ्या मराठी सबटायटलात गावांची नावं कशी येतात ते एकदा बघा, म्हणजे पुराच्या यादीत कुठलं गाव आहे हे त्यावर सोडवेल का ते कळेल. आणि पुतळ्याच्या भुवया? 'पूल बंद आहे' आणि 'पूल बंद आहे?' यातला फरक त्या भुवयांत असतो. तंत्र सुधारेल, सुधारावं. ठरावीक सूचनांसाठी वापरून बघावं. पण ते पुरेसं आहे की नाही हे बहिऱ्या माणसांनी ठरवायचं. पैसे वाचवणाऱ्यांनी नव्हे.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकापासून आठवड्याला एकदा बधिरांसाठी बातम्या लागत; आमच्याकडे ती दुपारची जेवणाची वेळ, सगळे पानावर आणि मावशी एकटी टीव्हीपुढे. सप्टेंबर २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं निकष काढले : वृत्तवाहिन्यांनी दिवसाला एक बातमीपत्र सांकेतिक भाषेसह द्यावं, करमणुकीच्या वाहिन्यांनी आठवड्याला एक कार्यक्रम सुगम, म्हणजे बहिऱ्यांनाही कळेल असा, करावा. पण थेट बातम्या आणि चर्चांना त्यात सूट. म्हणजे शिळी बातमी मावशीच्या भाषेत, ताजी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बधिर वकील सारा सनी यांनी दुभाषकाच्या मदतीनं बाजू मांडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'राजीव रातुरी' खटल्यात याच न्यायालयानं बजावलं की सुगम्यता नुसत्या शिफारशींवर सोडता येणार नाही, किमान निकष बंधनकारकच हवेत. त्याच वर्षी डिसेंबरात पीएम ई-विद्या या केंद्र सरकारच्या शैक्षणिक उपक्रमाची ३१ क्रमांकाची वाहिनी सांकेतिक भाषेसाठी सुरू झाली. दिशा बरोबर आहे. मग दर पावसाळ्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून येणाऱ्या थेट निवेदनात एक प्रशिक्षित दुभाषक उभा राहायला काय अडचण आहे? कोयना जवळजवळ दर वर्षी भरते. ते काही अचानक घडत नाही.

त्या दिवशी मी मावशीला विसर्गाचा अर्थ सांगायला स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडून दाखवला. तिनं कपाळावर हात मारला. मग माझ्यापुढे उभं राहून मला दाखवलं, हे असं सांगायचं असतं. डावा तळहात भिंतीसारखा ताठ. उजव्या हाताची बोटं त्या भिंतीखालून पुढे, आधी दोन, मग चार, मग सगळीच, गाल फुगवून, जोरात. धरणाची किती दारं उघडली आणि पाणी केवढ्या ताकदीनं येतंय, हे दोन सेकंदांत माझ्या डोळ्यांपुढे आलं. नंतर ती आत गेली, रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं आणि शिवणयंत्राच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या आणि पिशवी माळ्यावर टाकायला माझ्या हातात दिली.